गुरुवारचा लाडू

पोपटाची चोच लाल, अंग हिरवं, आणि तो कधी खोटं बोलत नाही अशी त्याची ख्याती होती. सरकारी कागदांत त्याचं नाव भलतंच लांबलचक होतं. कुसळेवाडीच्या बायकांनी मात्र ती तळहाताएवढी डबी पाहिली, थेंब सोडायची वाकडी लाल तोटी पाहिली आणि पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकून टाकलं.

त्या गुरुवारी समाजमंदिराच्या फरशीवर अकरा बायका मांडी घालून बसल्या होत्या. समोर शैलजाकाकू रेडेकर पोपट हातात धरून शिकवत होत्या. काकू एकसष्ट वर्षांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. आवाज इतका हळू, की तीस वर्षांत त्यांना छडी लागली नाही. ऐकायचं तर वर्गाला गप्प बसावंच लागे. सकाळी पोथीचा एक अध्याय, देवाला नैवेद्य, आणि कुणा एका लेकराच्या हातावर घास ठेवल्याशिवाय आपल्या तोंडात घास घालायचा नाही, असा त्यांचा रोजचा नेम. त्यामुळे गडहिंग्लजच्या संस्थेने गावात देखरेख गट काढायचं ठरवलं, तेव्हा प्रमुख कोण याची चर्चासुद्धा झाली नाही. दोन वर्षांत काकूंनी आसपासच्या बारा गावांतले गट तयार केले होते. रेशनचं धान्य कसं तपासायचं, दवाखान्यात औषधांचा साठा कसा विचारायचा, अंगणवाडीच्या ताटलीत काय पडतं ते कसं बघायचं, आणि ग्रामसभेत उभं राहून आवाज न चढवता उत्तर मिळेपर्यंत कसं उभंच राहायचं, हे सगळं त्या शिकवत.

आता त्या पोपटाचं पोट उघडून दाखवत होत्या. मातीत एक साधा, निरुपद्रवी जिवाणू राहतो. खायला मिळेनासं झालं की तो स्वतःभोवती टणक कवच बांधतो, बीजाणू होतो आणि वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या जनुकांच्या साखळीत एक छोटा तुकडा ओवला. त्या तुकड्याला अर्थ काही नाही, पण तसा तुकडा जगात दुसरीकडे कुठेही नाही. मग तो बीजाणू पुन्हा रुजणार नाही अशी व्यवस्था केली. असे बीजाणू सरकारी गोदामात फक्त अंगणवाडीला जाणाऱ्या तांदळावर, डाळीवर, शेंगदाण्यावर फवारतात. चव नाही, वास नाही, अपाय नाही. प्रत्येक अंगणवाडीच्या मालाचा तुकडा वेगळा. भाजा, कुटा, उकळा, कवचाच्या आत खूण शाबूत राहते. पोपटाच्या पोटात कागदाची पट्टी असते आणि तिच्यावर एक विकर लावलेलं असतं. ते म्हणजे एक कात्रीच समजा. ठरलेला तुकडा समोर आला तरच ती चालते, आणि चालली की पट्टीवर उजेडाची रेघ उमटते. एक रेघ आली तर यंत्र ठीक आहे, एवढंच समजायचं. दोन रेघा आल्या तर माल सरकारी, आणि खालचा आकडा तो कुठल्या अंगणवाडीचा ते सांगतो. नुसता हात लागला असेल तर दुसरी रेघ पुसट, माल भरलेला असेल तर गडद.

"म्हणजे चोरानं आता धुऊन-पुसून उपयोग नाही," गिरणीवाली जयमाला म्हणाली. तिच्या पापण्यांवर कायम पिठाची बारीक साय असे.

"चोर म्हणायचं नाही," काकू म्हणाल्या. "आपण बघायचं आणि लिहायचं. म्हणणारे दुसरे असतात."

शिकवण्याची रीत ठरलेली होती. आधी कोरा नमुना लावायचा, म्हणजे ज्या घरात अंगणवाडीचा दाणा येत नाही अशा घरचा. कुणावर संशय घेण्याआधी यंत्रावर विश्वास बसला पाहिजे, म्हणून. काकूंच्या घरी लहान मूल नव्हतं, अंगणवाडीचा दाणा येण्याचं कारण नव्हतं; बाराही गावांत त्यांनी स्वतःच्याच घरचा तांदूळ नेला होता. आज नेमकी तांदळाची पुडी घरी राहिली. पण गुरुवार असल्यामुळे पिशवीत प्रसादाचे लाडू होते, शेंगदाणे-गुळाचे. त्यांनी एक लाडू कपाळाला लावला, चिमूटभर कुस्करून पाण्यात घोळवला आणि थेंब चोचीत सोडला.

वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात त्यांनी बायकांकडून प्रश्न विचारण्याचा सराव करून घेतला. एकीने सरपंचाची नक्कल केली, सगळ्या हसल्या. मग काकूंनी पोपट उचलला.

दोन रेघा. दुसरी गडद. खाली आकडा होता तो कुसळेवाडीच्याच अंगणवाडीचा.

जयमाला बघायला वाकली, तेवढ्यात काकूंनी पोपट पदराकडे वळवला. पट्टी दमट दिसतेय, असं त्या म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. पोपटाने विचारलं: निकाल ठेवायचा की रद्द करायचा? रद्द. कारण? त्यांनी 'पट्टी सदोष' वर अंगठा ठेवला. मग समोरच्या घरातून मूठभर तांदूळ मागवला, त्याची एकच रेघ आली आणि वर्ग पुढे सुरू झाला. संध्याकाळी सगळ्यांनी पाया पडून निरोप घेतला. काकूंनी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला.

लाडू कुठून आला ते त्यांना ठाऊक होतं. म्हणजे, तो कुठून आला हे विचारायची गरज त्यांना चार वर्षांत कधी पडली नव्हती.

बेबी सुतार ही अंगणवाडीची मदतनीस. नवरा गेलेला, एक मुलगी. त्या मुलीला काकूंनी दोन वर्षं रोज संध्याकाळी इंग्रजी आणि विज्ञान शिकवलं, एक पैसा न घेता. मुलगी नर्सिंगला लागली, तेव्हा बेबी काकूंना जेवायचं आवतण द्यायला आली. पण वसंतरावांच्या, म्हणजे काकूंच्या यजमानांच्या, हृदयाचं ऑपरेशन त्याच वर्षी झालेलं, आणि ते सुखरूप घरी आले म्हणून काकूंनी नवा नेम धरला होता: परान्न घ्यायचं नाही. दुसऱ्याच्या घरचं शिजलेलं नाही, पाणीही नाही. त्या बेबीच्या घरी गेल्या, मुलीला पेन दिलं, पुढ्यात आलेलं पुरणाचं ताट नमस्कार करून मागे सारलं. बेबीचा चेहरा पडला. तो बघवेना म्हणून काकू म्हणाल्या होत्या, "राग मानू नकोस गं. शिजलेलं नाही चालत. कोरडा शिधा चालतो."

पुढच्या गुरुवारपासून बेबी पुडी घेऊन यायला लागली. दोन ओंजळी शेंगदाणे आणि गुळाचा खडा. "नैवेद्याला," एवढंच म्हणायची. काकू त्याचे लाडू करत, देवापुढे ठेवत, आणि नेमाप्रमाणे देवळापाशी खेळणाऱ्या एखाद्या लेकराच्या हातावर ठेवत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी घरातले डबे तपासले. शेंगदाण्यांचा डबा गडद. खलबत्ता गडद. नैवेद्याची पितळी वाटी त्यांनी चिंचेने घासली, राखेने घासली, कढत पाण्यात ठेवली आणि पुन्हा लावली. रेघ थोडी फिकट झाली, इतकंच. वाटीच्या काठाला आत एक बारीक चीर होती. कवच तिथे जाऊन बसलं असणार.

वसंतराव झोपाळ्यावरून सगळं बघत होते. ते एसटीत कंडक्टर होते. जन्मभर बिनतिकीट माणसं पकडल्यामुळे त्यांना चेहरे कळत. "बारा गावांना पोपट वाटलेस," ते म्हणाले. "आता आपल्याच खांद्यावर येऊन बसला म्हणायचा."

"थट्टा करू नका."

"थट्टा नाही करत. बेबीला विचारणार आहेस का?"

काकूंनी वाटी पुन्हा घासायला घेतली. विचारलं तर कळेल. कळलं तर लिहावं लागेल. त्यांना शबाना मुल्ला आठवली, संस्थेची, जिने त्यांना हे सगळं शिकवलं. ती म्हणाली होती, "काकू, यंत्र सोपं आहे हो. निकाल आपल्या माणसाचा आला की अंगठा अडतो, तेवढंच शिकवता येत नाही." त्या वेळी काकू मनातल्या मनात म्हणाल्या होत्या, आमचा नाही अडायचा.

गुरुवारी बेबी आली. काकूंनी पुडी घेतली.

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्यांनी पुडी नेहमीसारखी दोन्ही हातांनी घेतली, बेबी गेल्यावर माळ्यावर टाकली आणि दुकानातून शेंगदाणे आणून लाडू केले. पुढच्या गुरुवारी तेच. तिसऱ्या गुरुवारीही तेच. माळ्यावर तीन पुड्या झाल्या. पोथी वाचताना त्यांची नजर वर जायची आणि ओळ हरवायची. तीस वर्षांत त्यांची ओळ कधी हरवली नव्हती.

गट मात्र कामाला लागला होता, आणि काकूंनी शिकवलं होतं तसाच. जयमाला अंगणवाडीत बसली असताना एका चार वर्षांच्या पोरीने तिला सहज सांगितलं, गुरुवारचा लाडू ल्हान असतोय. कुणी मोठ्या माणसाने ते हसण्यावारी नेलं असतं. जयमालाने गिरणीतला लहान काटा आणला आणि दोन आठवडे रोज लाडू तोलले. सोमवारी चाळीस ग्रॅम, मंगळवारी चाळीस, गुरुवारी तीस. पुन्हा गुरुवारी तीस. तेवीस मुलं. शेंगदाणे भाजणं-कुटणं बेबीकडे होतं.

बेबीला विचारून गटातल्या बायकांनी तिचं घर तपासलं. बघा की, म्हणाली ती, आणि दारात उभी राहिली. घरात तपासण्यासारखं फार नव्हतंच. तांदळाचा डबा, पिठाचा डबा, मिरचीची बरणी. सगळीकडे एकच रेघ. स्वतःच्या घरात तिने एक दाणा आणला नव्हता. पण खुंटीवर एक कापडी पिशवी होती. तिची दुसरी रेघ गडद उमटली.

घरात नाही आणि पिशवीत आहे, म्हणजे विकलं. गावाला एवढं गणित पुरलं. कुठे विकलं यावर दोन दिवस पैजा लागल्या. जयमाला अहवाल घेऊन काकूंकडे आली, अगदी शिष्येसारखी, चुका दाखवा म्हणाली. काकूंनी वाचला. चूक एकही नव्हती. शेवटी लिहिलं होतं: माल बाहेर विकला असावा. प्रमुखाच्या अंगठ्याची जागा कोरी होती.

"जनसुनवाई रविवारी. तिथं देते," काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी दहाला शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडल्या. गडहिंग्लजहून शबाना आली. सरपंच आले, ग्रामसेवक आले, तेवीसपैकी बहुतेक मुलांच्या आया आल्या. जयमालाने अहवाल वाचला. तिचा आवाजही तिने काकूंसारखा हळू ठेवला होता. मग शबानाने बेबीला बोलायची संधी दिली. शेंगदाणे कुठे गेले, एवढंच तिने विचारलं.

बेबी उभी राहिली. "घेतले मी," ती म्हणाली.

कुणाला दिले?

बेबी गप्प.

विकले का?

बेबी गप्प. मागून कुणीतरी म्हणालं, पोरांच्या तोंडातला घास काढून हिनं पोरीला नर्स केली. कुणी हसलं. बेबीने मान वर केली नाही. सगळ्या वेळात तिने काकूंकडे एकदाही पाहिलं नाही. ती एकदा पाहील, डोळ्यांनी मागेल, म्हणजे आपल्याला उठायला कारण मिळेल, अशी काकू वाट पाहत राहिल्या. बेबी पायाच्या अंगठ्याने सतरंजीचा निघालेला दोरा दाबत राहिली.

जयमालाने पोपट काकूंपुढे धरला. "काकू, अंगठा."

काकू उठल्या. गुडघ्यांना धरून, हळू. सकाळी घरातून निघताना त्यांनी पिशवी भरून आणली होती. तिचं तोंड सोडायचं की नाही हे मात्र त्यांनी या क्षणापर्यंत ठरवलं नव्हतं. त्यांनी टेबलावर तीन पुड्या ठेवल्या. त्यांच्याशेजारी पितळी वाटी ठेवली.

"हे लाव," त्या जयमालाला म्हणाल्या. "सगळ्यांच्या समोर लाव."

पट्टीला वीस मिनिटं लागतात. काकूंना आधी हे कधी जाणवलं नव्हतं. वीस मिनिटं त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. शबानाने खुर्ची सरकवली, पण त्या बसल्या नाहीत. पटांगणात पोरं पकडापकडी खेळत होती. एक पोरगा धावत आला, त्यांना पाहून सवयीने हात पुढे केला. गुरुवारी त्या त्याच्या हातावर घास ठेवत. त्याचाच, दहा ग्रॅम कमी झालेल्या लाडवातला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतले.

रेघा आल्या. चारही पट्ट्यांवर दोन-दोन; पुड्यांच्या गडद, वाटीची जराशी फिकट.

"चार वर्षं ह्या पुड्या माझ्या घरी येत होत्या," काकू म्हणाल्या. मागच्यांना ऐकू जाईना, म्हणून त्यांनी पुन्हा, जन्मात लावला नव्हता एवढा मोठा आवाज लावून सांगितलं. "बेबीनं काही विकलं नाही. मी खाल्लं. देवालाही तेच दाखवलं. कुठनं आणतेस म्हणून कधी विचारलं नाही. महिन्यापूर्वी वर्गातच मला कळलं, तर मी निकाल रद्द केला. पट्टी चांगली होती. त्यानंतर ह्या तीन पुड्या घेतल्या. कळल्यावर घेतल्या."

कुणी शिवी दिली असती, तर काकूंना ती हातात धरता आली असती. गावाने नुसत्या माना खाली घातल्या. आपल्याऐवजी गाव लाजतंय, हे काकूंना दिसलं.

पुढचं नियमाप्रमाणे झालं. चौकशी होईपर्यंत बेबीचं काम थांबवलं. अहवालातलं 'विकला असावा' हे वाक्य खोडलं. शैलजा रेडेकर यांना गटातून कमी केलं आणि जयमालाला प्रमुख केलं. जाताना शबाना त्यांच्याजवळ आली. "ह्यात मला काही करता येणार नाही, काकू," ती म्हणाली. काकू म्हणाल्या, करू नकोस. कागदावर नाव बरोबर लिहिलंय ना, तेवढं बघ.

दोन दिवसांनी त्यांनी पाच किलो शेंगदाणे घेतले आणि अंगणवाडीत नेले. जयमाला तिथे काटा लावून बसली होती. तिने काकूंना बसायला पाट दिला, पिशवीतले चार दाणे घेतले, पाण्यात घोळवले आणि पोपटाला दिले. वीस मिनिटं गेली. एकच रेघ आली.

"याला खूण नाही, काकू." जयमालाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज स्थिर होता. "खूण नसलेलं पोरांच्या पोटात जाऊ द्यायचं नाही. तुम्हीच शिकवलंय."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. पिशवी उचलून त्या निघाल्या.

सुतारगल्लीत चढ आहे. पिशवी हातातून हातात बदलत त्या बेबीच्या दारापाशी येऊन थांबल्या. बेबी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने पाहिलं. या म्हणाली नाही. काकू उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की, क्षमा मागायला आले आहे. तिथे सगळ्यांपुढे तू माझं नाव घेतलं नाहीस.

"नाव घेऊन काय करू." बेबीने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "माझी पोरगी तुमच्यामुळं मार्गाला लागली. तुम्हाला काहीतरी द्यावं असं लई वाटायचं. आमच्या घरचं तुम्हाला चालत नव्हतं. कोरडं तेवढं चालत होतं." तिने भाकरी उलटली. "माझ्या घरात कोरडं काय असतंय, काकू? आज आणायचं आन आज शिजवायचं."

काकूंना त्या दिवशीचं पुरणाचं ताट आठवलं. त्यावर तुपाची धार होती. तेवढं तूप बेबीने कुठून आणलं होतं, हेही त्यांनी तेव्हा विचारलं नव्हतं.

त्यांनी पिशवी बाहेर ओट्यावर ठेवली. आत आल्या. चुलीपासून हातभर अंतरावर जमिनीवर बसल्या.

"भूक लागलीय," त्या म्हणाल्या.

बेबीचा हात परातीवर थांबला. "नेम मोडंल तुमचा."

"मोडू दे."

"मालकांच्या जिवासाठी धरलाय."

चार वर्षं ज्या नेमाला त्यांनी तळहातावर जपलं होतं, तो एवढ्याशा खोलीत सोडायचा होता. घरी वसंतराव झोपाळ्यावर बसले असतील. "देवाला मी सांगेन," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याच्यापुढे मी काय ठेवत होते, तेही सांगायचंच आहे."

बेबीने ताटलीत भाकरी ठेवली, वर लाल चटणी, कांद्याची एक फोड. ताटली हातात दिली नाही, समोर सरकवली. काकूंनी भाकरी मोडली. चटणी फार तिखट होती. त्यांना तिखटाची सवय नव्हती, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नाक वाहायला लागलं, तरी त्या खात राहिल्या. बेबी गुडघ्यांना मिठी घालून बघत होती. आणखी वाढायला ती पुढे झाली नाही आणि पुरे म्हणालीही नाही.

शेवटचा घास घशात अडकला. काकूंना ठसका लागला.

बेबी उठली, माठातून तांब्या भरला आणि तिने तो त्यांच्यापुढे धरला. काकूंनी ओंजळ पुढे केली नाही. तांब्याच दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.